वर्गणीतून सुटलेले हक्क

१८ जुलै २००२ रोजी नेदरलँड्समधील टोन रोझेंडाल यांनी जगभरच्या संगणकप्रेमींपुढे एक आवाहन ठेवले: सगळ्यांनी मिळून एक लाख युरो जमवू या आणि ‘ब्लेंडर’ सोडवून घेऊ या. ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रे आणि ॲनिमेशन तयार करण्याचे सॉफ्टवेअर. रोझेंडाल यांनीच ते १९९०च्या दशकाच्या मध्यावर आपल्या निओजिओ या स्टुडिओच्या कामासाठी लिहायला घेतले होते. १९९८ मध्ये ते बाजारात आणण्यासाठी त्यांनी ‘नॉट अ नंबर’ ही कंपनी काढली. गुंतवणूकदार आले, माणसे नेमली गेली. पण अपेक्षेइतकी विक्री झाली नाही आणि २००२च्या सुरुवातीला गुंतवणूकदारांनी गाशा गुंडाळला. प्रोग्राम उत्तम चालत होता. त्याच्यावर जीव असलेले लोक देशोदेशी होते. पण त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने हाताने लिहिलेला मूळ मजकूर, बंद पडलेल्या कंपनीची मालमत्ता होता. ज्याने तो लिहिला त्यालाही त्याला हात लावण्याचा अधिकार उरला नव्हता.

रोझेंडाल यांनी गुंतवणूकदारांशी बोलून किंमत ठरवली आणि वर्गणी सुरू केली. ५० युरो किंवा त्याहून अधिक देणाऱ्याला सदस्यत्व होते. विद्यार्थी, हौशी कलाकार, कंपनीतून नोकरी गेलेले जुने कर्मचारी असे सगळे पुढे आले आणि सात आठवड्यांत एक लाख युरो जमले. त्या वेळच्या दराने ही रक्कम पन्नास लाख रुपयांच्या आतच भरते. शहरातल्या एखाद्या चांगल्या बंगल्याची किंमत. १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडरचा सोर्स कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली जगाच्या हवाली झाला. २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळवणारा लाटव्हियाचा ‘फ्लो’ हा चित्रपट याच ब्लेंडरवर तयार झाला. वर्गणी देणाऱ्यांनी त्या दिवशी जे सोडवले, ते बावीस वर्षांनी ऑस्करच्या मंचावर पोचले.

ही घटना मला महत्त्वाची वाटते, कारण जुने तंत्रज्ञान कशाने मरते याविषयी ती एक गोष्ट स्पष्ट करते. यंत्र बिघडले तर दुरुस्त होते, सुटा भाग मिळाला नाही तर कोणीतरी तो घडवतो. जे दुरुस्त होत नाही ते म्हणजे अडकलेले हक्क. मालक विकत नाही, वापरू देत नाही, अनेकदा आपण मालक आहोत हेही त्याला आठवत नाही, आणि कायद्याने दुसऱ्या कोणाला हात लावता येत नाही. ही कोंडी फोडायला लागणारी रक्कम मात्र पुष्कळदा वर्गणीच्या आवाक्यातली असते. बुलडाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढे या गावाचाही या प्रश्नाशी जवळचा संबंध आहे. तो कसा, ते पुढे येईलच. आधी हक्क म्हणजे काय ते नीट पाहू.

नेमके विकत काय घ्यायचे?

जुना संगणक विकत घेणे सोपे आहे. त्यावरचे हक्क विकत घेणे वेगळे. एका संगणकात किमान चार प्रकारचे हक्क गुंतलेले असतात. आतला प्रोग्राम कॉपीराइटने राखलेला असतो आणि तो हक्क फार लांब चालतो. यंत्रातल्या एखाद्या युक्तीवर पेटंट असू शकते. त्याची मुदत २० वर्षे, म्हणून १९८०च्या दशकातल्या यंत्रांची पेटंटे केव्हाच संपली आहेत. चिपच्या आतल्या मांडणीला भारतात २०००च्या कायद्याने १० वर्षांचे संरक्षण आहे. आणि नाव, बोधचिन्ह हा ट्रेडमार्क. दर १० वर्षांनी नूतनीकरण करत राहिले तर तो संपतच नाही. म्हणजे जुन्या संगणकाच्या बाबतीत खरा अडसर दोनच ठिकाणी असतो: प्रोग्रामचा कॉपीराइट आणि नावाचा ट्रेडमार्क.

हे दोन्ही एकाच हातात असतील अशी खात्री नसते. कमोडोर ६४ हा संगणक १९८२ मध्ये बाजारात आला आणि सव्वा ते पावणेदोन कोटींच्या दरम्यान खपला असे अंदाज आहेत. १९९४ मध्ये कमोडोर कंपनी बुडाली. १९९५ मध्ये एस्कॉम या जर्मन कंपनीने तिची मालमत्ता घेतली. वर्षभरात तीही दिवाळखोर झाली. मग कमोडोर हे नाव डच कंपनी ट्यूलिपकडे गेले आणि अमिगा हा दुसरा प्रसिद्ध संगणक अमेरिकेतल्या गेटवेकडे. पुढे अमिगाचे नाव, त्याची जुनी प्रणाली आणि नवी प्रणाली यांवरून वेगवेगळ्या कंपन्या वर्षानुवर्षे कोर्टात भांडल्या. कमोडोर हे नाव अनेक हात फिरले आणि २०२५ मध्ये जुन्या संगणकांवर व्हिडिओ करणारे ख्रिश्चन सिम्पसन यांनी गुंतवणूकदारांच्या साथीने ते विकत घेण्याचा करार जाहीर केला. किंमत दहा लाख डॉलरच्या वर होती. लहानपणी ज्या यंत्रावर हात बसला, त्याचे नाव मोठेपणी त्या यंत्राच्या चाहत्यांच्या हाती आले.

शेतजमीन घेताना जाणता माणूस आधी सातबारा आणि त्यामागचे सगळे फेरफार काढतो. कोणाकडून कोणाकडे गेली, वाटणी झाली का, कोणाचा बोजा आहे का, एखाद्या बहिणीची सही राहिली आहे का. सॉफ्टवेअरचे हक्क घेतानाही हेच करावे लागते. फरक इतकाच, की येथे तलाठी नाही आणि फेरफार नोंदवही नाही. कंपनीचे करार, विलीनीकरणाची कागदपत्रे, दिवाळखोरीतल्या मालमत्तेच्या याद्या चाळत साखळी जुळवावी लागते. शिवाय मूळ कंपनीने आत दुसऱ्या कोणाचा कोड परवान्यावर वापरला असेल, तर तो विकण्याचा अधिकार तिलाही नसतो. पैसे जमवण्यापेक्षा हे काम अधिक चिकाटीचे आहे.

मागणारे, देणारे आणि हुकलेले

हक्क सुटण्याचे मार्ग अनेक आहेत आणि प्रत्येक वेळी मोठी रक्कम लागतेच असे नाही. ऑस्ट्रेलियातल्या वॉरन टूमी यांना १९७०च्या दशकातली युनिक्स प्रणाली जपायची होती. बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या या प्रणालीचे हक्क फिरत फिरत तेव्हा सँटा क्रूझ ऑपरेशन, म्हणजे एससीओ, या कंपनीकडे आले होते. टूमी आणि त्यांच्या मंडळाने हौशी लोकांच्या सह्यांचे निवेदन केले आणि १९९८ मध्ये कंपनीने १०० डॉलरमध्ये जुन्या युनिक्सचा वैयक्तिक परवाना देऊ केला. पुढे हक्क काल्डेरा कंपनीकडे गेले आणि जानेवारी २००२ मध्ये तिने ते जुने कोड मुक्त परवान्याखाली सोडून दिले. आज लिनक्सपासून मोबाइलपर्यंत ज्या घराण्याच्या प्रणाली चालतात, त्याची सुरुवातीची पाने कोणाही विद्यार्थ्याला वाचता येतात ती त्यामुळे.

झेडएक्स स्पेक्ट्रम या ब्रिटिश संगणकाचे हक्क १९८६ मध्ये ॲमस्ट्रॅडने ५० लाख पौंडांना घेतले. याच स्पेक्ट्रमची परवानाधारक आवृत्ती भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नावाने विकली होती. १९९९ मध्ये ॲमस्ट्रॅडने जाहीर केले की हक्क आमचेच राहतील, पण आजच्या संगणकावर जुना संगणक हुबेहूब चालवणाऱ्या प्रोग्रामांसोबत स्पेक्ट्रमचे मूळ रॉम, म्हणजे त्यात कायमचा बसवलेला प्रोग्राम, वाटायला आमची हरकत नाही. एवढ्या एका परवानगीने हजारो जुने खेळ आणि प्रोग्राम पुन्हा चालू झाले. २०१७ मध्ये हौशी मंडळींनी नव्या बनावटीच्या ‘स्पेक्ट्रम नेक्स्ट’साठी लोकांकडून ७ लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी केली, तीही या भक्कम पायावर.

आपल्याला जवळचे उदाहरण बीबीसी मायक्रोचे. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ हा संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला आणि त्यासाठी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो निवडला. भारतातल्या अनेक सरकारी शाळांनी पाहिलेला पहिला संगणक हाच. याच एकॉर्नच्या अभियंत्यांनी १९८५ मध्ये एआरएम हा प्रोसेसर घडवला, जो आज जवळपास प्रत्येक मोबाइलमध्ये आहे. त्या प्रोसेसरसाठी लिहिलेली रिस्क ओएस ही प्रणाली एकॉर्न संपल्यावर कॅसल टेक्नॉलॉजीकडे गेली. २०१८ मध्ये रिस्क ओएसच्याच वर्तुळातल्या लोकांनी काढलेल्या एका छोट्या कंपनीने कॅसल विकत घेतली आणि त्याच वर्षी सगळी प्रणाली अपाचे परवान्याखाली खुली केली. आज ती रास्पबेरी पाय या स्वस्त, छोट्या संगणकावर चालते. तिच्यातल्या एकेका सुधारणेसाठी वापरणारे लोक ठरावीक रक्कम एकत्र करतात आणि जो प्रोग्रामर ते काम पुरे करतो त्याला ती मिळते.

काही वेळा डाव हुकतो. २००६ मध्ये फ्रान्सची नेव्ह्रॅक्स ही कंपनी दिवाळखोरीत निघाली तेव्हा तिचा ‘रायझम’ हा खेळ वर्गणीतून विकत घेण्याची मोहीम झाली. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने एकट्याने ६० हजार डॉलर देण्याचे वचन दिले, इतरांनीही भरघोस वचने दिली, तरीही खेळ दुसऱ्या खरेदीदाराकडे गेला. पण मागणीचा आवाज वाया गेला नाही: २०१० मध्ये पुढच्या मालकाने रायझमचा कोड आणि चित्रे स्वतःहून खुली केली. मोठ्या कंपन्यांनीही हा रस्ता धरला आहे. मायक्रोसॉफ्टने एमएस-डॉसच्या जुन्या आवृत्त्या २०१४ मध्ये संगणक इतिहास संग्रहालयामार्फत फक्त अभ्यासासाठी दिल्या, २०१८ मध्ये त्याच पूर्ण मुक्त परवान्याखाली आणल्या आणि एप्रिल २०२४ मध्ये चौथी आवृत्तीही सोडली.

धामणगाव बढे आणि अडकलेली मराठी

आता आपल्या दाराशी येऊ. धामणगाव बढे, मोताळा, नांदुरा, मलकापूर अशा गावांत १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून डीटीपीची, म्हणजे संगणकावर छपाईची पाने रचून देणारी, दुकाने सुरू झाली. लग्नपत्रिका, दहाव्याची कार्डे, सहकारी सोसायटीचे अहवाल, शाळेच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका, गावच्या यात्रेची पत्रके, तालुक्याचे साप्ताहिक: गावाचा छापील संसार या संगणकांवर उभा राहिला. तो तयार झाला त्या काळच्या मराठी फाँटांमध्ये आणि पेजमेकर या पाने रचण्याच्या प्रोग्रामच्या फाइलींमध्ये. तो आज वाचता येतो का, हा प्रश्न हक्कांचा आहे.

जवळून पाहू. युनिकोड ही सर्व लिप्यांची समान सांकेतिक पद्धत सर्वत्र येण्यापूर्वी संगणकाला ‘म’ हे अक्षर ठाऊकच नव्हते. त्याला इंग्रजीच्या २६ लहान, २६ मोठ्या अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागा ठाऊक होत्या. फाँट करणाऱ्याने युक्ती केली: इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसवले. कृतिदेव फाँटमध्ये ‘मराठी’ हा शब्द टाइप केला तर फाइलीत प्रत्यक्षात साठतात ती पाच इंग्रजी अक्षरे: लहान ई, लहान जे, लहान के, मोठे बी आणि लहान एच. ई म्हणजे म, जे म्हणजे र, के म्हणजे काना, बी म्हणजे ठ, एच म्हणजे दुसरी वेलांटी. फाँट काढून घेतला की पडद्यावर अर्थहीन इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. पहिली वेलांटी तर अक्षराच्या आधी टाइप करावी लागते, कारण ती डोळ्यांना आधी दिसते; युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफार उलट शेवटी येतो, युनिकोडमध्ये आधी. आणि प्रत्येक कंपनीचा नकाशा वेगळा. एका फाँटमधला म दुसऱ्यात भलत्याच अक्षराच्या जागी. जोडाक्षरांसाठी तर कीबोर्डवर नसलेल्या सांकेतिक क्रमांकांच्या जागा वापरलेल्या.

यातून मार्ग काढण्याचे मोठे काम पुण्यातच झाले होते. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले भारतीय लिप्यांचे ‘जिस्ट’ तंत्रज्ञान १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये बहरले. संगणकात खोचायचे जिस्ट कार्ड आले आणि भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही सांकेतिक पद्धत १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झाली. युनिकोडमधल्या देवनागरीच्या १२८ जागांची मांडणी इस्कीच्याच १९८८च्या आराखड्यावर झाली. पण बाजारात चालले ते चित्रांची अदलाबदल करणारे स्वस्त फाँट, आणि गावोगावचा मजकूर त्यातच साठला.

त्यावर दुसरे कुलूप पेजमेकरचे. अडोब कंपनीने १९९४ मध्ये अल्डस ही मूळ कंपनी घेतली तेव्हा पेजमेकर तिच्याकडे आले. सातवी आवृत्ती ही शेवटची. त्याच कंपनीचे इनडिझाइन २०१२च्या सीएस६ आवृत्तीपर्यंत पेजमेकरच्या फाइली उघडत असे, त्यानंतरच्या आवृत्त्या उघडत नाहीत. फाइलीची आतली रचना कंपनीने खुली केलेली नाही. म्हणून ‘डॉक्युमेंट लिबरेशन प्रोजेक्ट’ या गटाच्या स्वयंसेवकांनी जुन्या फाइलींची एकेक बाइट तपासत ती रचना उलगडली आणि लिब्रेऑफिस या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये त्या उघडणारी छोटी प्रोग्राम-लायब्ररी लिहिली. हे कौतुकाचे काम आहे. पण मालकाने रचना एका कागदावर लिहून दिली असती, तर स्वयंसेवकांचे कितीतरी श्रम वाचले असते आणि आजही जे काही नीट उतरत नाही ते उतरले असते.

फाँटांच्या बाबतीत मालकांनी हात मोकळा सोडल्याची उदाहरणे आपल्याकडेच आहेत. आकृती या प्रसिद्ध फाँटमालिकेच्या सायबरस्केप मल्टिमीडिया कंपनीने २००३च्या सुमारास नऊ भारतीय लिप्यांचे फाँट जीपीएल परवान्याखाली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियामार्फत खुले केले. पुण्याच्या ऑटोमॅटिक कंट्रोल इक्विपमेंट्सचा ‘गार्गी’ हा देवनागरी फाँटही जीपीएलखाली आला. त्यातली अक्षरे पुढे जीएनयूच्या फ्रीफाँट संचात गेली आणि जगभरच्या लिनक्स संगणकांवर मराठी दिसू लागली. २००४ मध्ये रेड हॅटने ‘लोहित’ फाँट मुक्त केले. लोहितचा परवाना २०११ मध्ये आणखी सैल झाला, म्हणजे कोणालाही तो आपल्या कामात बेधडक वापरता येऊ लागला. हे तिन्ही प्रसंग मालकांच्या औदार्याचे होते. ज्यांनी सोडले नाही, त्यांच्या दारात मराठी माणसांनी वर्गणी घेऊन जायची वेळ आता आली आहे.

आपला कायदा काय सांगतो

भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम हा ‘साहित्यकृती’मध्ये मोडतो. म्हणून त्यालाही लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांचे संरक्षण आहे. १९९५ मध्ये चाळिशीत असलेल्या प्रोग्रामरने लिहिलेला फाँट किंवा टायपिंग शिकवणारा प्रोग्राम आजच्या बाळांच्या म्हातारपणापर्यंत कोणाच्या तरी मालकीचा राहू शकतो. तो चालवणारा संगणक तोवर पृथ्वीवर उरणार नाही.

पण याच कायद्यात सोडवणुकीच्या वाटाही आहेत आणि त्या फार थोड्यांना माहीत असतात. कलम १९ सांगते की हक्क दुसऱ्याकडे द्यायचे तर लेखी करार आणि सही हवी. करारात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षेच धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणजे ‘कायमचे, साऱ्या जगासाठी’ हे शब्द करारात असलेच पाहिजेत. ते राहिले तर वर्गणीचे पैसे पाच वर्षांत वाया. कलम २१ आणखी सोपे आहे: लेखक आपला हक्क पूर्ण किंवा अंशतः सोडून देऊ शकतो. त्यासाठी कॉपीराइट निबंधकांना विहित नमुन्यात सूचना द्यायची, किंवा २०१२च्या दुरुस्तीनंतर नुसती जाहीर सूचना दिली तरी चालते. जो लेखक पैसे मागत नाही पण भानगडीला घाबरतो, त्याच्यासाठी हा एका पानाचा उपाय आहे.

मालक सापडतच नसेल तर कलम ३१-क आहे. लेखक मयत, अज्ञात किंवा बेपत्ता असेल, तर कृती प्रकाशित करण्यासाठी सक्तीच्या परवान्याची मागणी करता येते. २०१२ पासून आधी प्रकाशित झालेल्या कृतींनाही हे लागू आहे. आणि कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे, त्याला कलम ५२ प्रमाणे सुरक्षिततेसाठी जादा प्रत काढून ठेवण्याची मुभा आहे. गावातल्या डीटीपीवाल्याने आपली जुनी सीडी आणि फ्लॉपी खराब होण्याआधी त्यांची प्रत काढली तर तो गुन्हा नाही, शहाणपणा आहे.

वर्गणी कशी उभारायची

तंत्रज्ञानासाठी लोकांकडून पैसा जमवण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी गावोगाव फिरून पैसा पैसा जमवत ‘पैसा फंड’ उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्याला बळ दिले, आणि त्या पैशातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तेथे तरुणांना ती शिकवली. १९८६ मध्ये सुरू झालेली बुलडाणा अर्बन ही पतसंस्था याच जिल्ह्यातल्या माणसांच्या छोट्या ठेवींवर वाढली. थोडे थोडे देऊन मोठे काही आपले करायचे, याची सवय येथे रुजलेली आहे.

सॉफ्टवेअरच्या हक्कांसाठी वर्गणी काढताना पहिले काम पैशाचे नव्हे, मालक शोधण्याचे. फाँटच्या किंवा प्रोग्रामच्या ‘विषयी’ या खिडकीत, सीडीच्या वेष्टणावर, पावतीवर कंपनीचे नाव सापडते. कंपनी नोंदणीकृत असेल तर कंपनी निबंधकांच्या नोंदीत संचालक आणि विलीनीकरणे मिळतात. मालक सापडल्यावर त्याच्याशी किंमत आणि अट आधी ठरवायची आणि मगच पैसे मागायचे. रोझेंडाल यांनी आकडा आधी ठरवला म्हणूनच प्रत्येक देणगीदाराला आपण नेमके कशासाठी देतो आहोत ते माहीत होते.

दुसरे काम पैसे ठेवण्याच्या जागेचे. आपल्या राज्यात सार्वजनिक वर्गणी काढणाऱ्यांना धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, हे गणेशोत्सव मंडळांना पाठ आहे. नोंदणीकृत न्यास किंवा संस्था असेल तर हिशेब स्वच्छ राहतो. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मराठी बांधवांकडून पैसे घ्यायचे तर विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी हवी. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाच्या पैशांना ती अडचण नाही. रक्कम पुरी झाली नाही तर ज्याची त्याला परत, हे पहिल्याच दिवशी लेखी जाहीर करायला हवे. त्याशिवाय अनोळखी माणूस हजार रुपये देत नाही आणि देऊही नये.

आकडे घाबरवणारे नाहीत. एखाद्या छोट्या, विक्री थांबलेल्या मराठी फाँटसंचासाठी मालकाने पाच लाख मागितले असे समजू. हजार रुपयांप्रमाणे पाचशे माणसे लागतील. राज्यातले डीटीपीवाले, मुद्रक, टंकलेखन संस्था, जुन्या साप्ताहिकांचे संपादक, भाषेचे अभ्यासक यांत पाचशे माणसे नक्की सापडतील, कारण यातल्या प्रत्येकाची कुठली ना कुठली फाइल त्या फाँटमध्ये अडकलेली आहे.

तिसरे काम परवान्याचे, आणि येथेच सर्वाधिक जागरूक राहावे लागते. हक्क मंडळाच्या कपाटात ठेवायचे नाहीत. विकत घेतल्याच्या दिवशीच ते मुक्त परवान्याखाली जाहीर करायचे, म्हणजे उद्या मंडळात फूट पडली, न्यास बरखास्त झाला, कोणी मोठी किंमत देऊ केली तरी एकदा मोकळे झालेले परत कोंडता येत नाही. ब्लेंडर टिकले ते यामुळे. फाँटच्या बाबतीत अक्षरनकाशा, म्हणजे कुठल्या जागी कुठले चित्र आहे त्याचा तक्ता, आणि अक्षरांची मूळ रेखाटने या दोन गोष्टी करारात नावाने मागायला हव्यात. नकाशा हाती आला की त्या फाँटमधला सारा मराठी मजकूर एका छोट्या प्रोग्रामने बिनचूक युनिकोडमध्ये येतो, शोधता येतो, वाचनालयात ठेवता येतो, अंधांच्या संगणकाला मोठ्याने वाचता येतो.

कुठल्या गोष्टी सोडवायच्या याची यादी गावातूनच निघाली पाहिजे. मुंबईत बसून कोणाला कळणार नाही की मोताळा तालुक्यातल्या सोसायट्यांचे अहवाल कुठल्या फाँटात आहेत, किंवा धामणगाव बढेच्या शाळेची स्मरणिका कुठल्या आवृत्तीच्या पेजमेकरमध्ये रचली गेली. ते तिथल्या डीटीपीवाल्यालाच ठाऊक आहे. प्रत्येक तालुक्यातल्या दोन-चार जुन्या दुकानदारांनी आपल्याकडच्या फाँटांची आणि प्रोग्रामांची नावे, कंपनी आणि आवृत्ती लिहून काढली, तर महिनाभरात साऱ्या विदर्भाची यादी होईल. कुठले नाव सर्वांत जास्त वेळा येते ते दिसले, की पहिली वर्गणी कशासाठी काढायची हे आपोआप ठरेल.

हे आताच करण्याचे कारण कायद्यातच आहे. १९९०च्या दशकात मराठी फाँट आणि प्रोग्राम लिहिणारी पिढी आज साठीच्या आसपास आहे. त्यातले अनेक जण भेटतात, बोलतात, आपले काम कोणाला उपयोगी पडते म्हटल्यावर आनंदतात. आज त्यांची एक सही पुरते. ते गेल्यावर हक्क वारसांकडे जातात, वारसांचे वारस होतात आणि ६० वर्षे प्रत्येकाची संमती लागते. पुष्कळांना तर आपल्या नावावर असे काही आहे याचा पत्ताही नसतो. तेव्हा पाच लाखच काय, पाच कोटी जमवले तरी सही करायला कोणी सापडेलच असे नाही.